थकवा म्हणजे थीनमिद्ध नव्हे



आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आहे. या तीन महिन्यांत आपण दर रविवारी बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन करतो, कुणी उपोसथाला अष्टशील पाळतं, कुणी पहाटे उठून आनापानाला बसतं. वर्षावासातलं हे पहिलं प्रवचन मी मुद्दाम अशा विषयावर लिहिते आहे, ज्याला आपण धम्माचा विषय मानतच नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या आपल्या बायकांचा थकवा. रविवारी दोन तास जास्त झोपलं की उतरतो, तो नव्हे. महिनोन्महिने अंगात मुरून राहतो, सकाळी उठतानाच सोबत उठतो, तो.

विहारात मला एक प्रश्न वेगवेगळ्या भगिनींनी विचारला आहे, आणि शब्द जवळजवळ तेच. "ताई, ध्यानाला बसले की दहा मिनिटांत मान खाली जाते. माझं मनच दुबळं आहे का?" विचारणाऱ्यांत कुणी केअर होममध्ये रात्रपाळी करते. कुणी दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी मुलाच्या परीक्षेची तयारी घेते, आणि पहाटे गावाकडे फोन लावून आईने गोळ्या घेतल्या का ते विचारते. तिकडचं घड्याळ सध्या साडेचार तास पुढे असतं, म्हणजे आईच्या न्याहारीची वेळ गाठायची तर इथे अजून उजाडलेलं नसतं. अशा बाईने स्वतःला दुबळं म्हणावं याचं मला वाईट वाटतं, आणि त्यासाठी तिने धम्माचा शब्द वापरावा याचं त्याहून जास्त. तो शब्द म्हणजे थीनमिद्ध.

पाच नीवरणांपैकी हे एक. चित्त जड होणं, कुशल कामाला उत्साह नसणं, मनाने अंग चोरणं. हा मनाचा अडथळा आहे. शरीर दमणं ही निराळी गोष्ट. अर्हतांची सगळी नीवरणं गळून पडलेली असतात, तरी अर्हत झोपतात, कारण देहाला झोप लागते. हा भेद ध्यानात न घेता आपण प्रत्येक जांभईला नीवरण म्हणू लागलो, तर ज्या शरीराला औषध हवं आहे त्याला उपदेश पाजत बसू.

महामोग्गलान साधनेला बसले असताना पेंगत होते, ती गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. तथागतांनी त्यांना पेंग घालवण्याचे उपाय एकामागून एक सांगितले. ज्या विचाराने झोप येते तो सोडून दे. ऐकलेल्या धम्मावर चिंतन कर. मोठ्याने पठण कर. कान ओढ, अंग चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, दिशांकडे पाहा, आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा. मनात प्रकाशाची कल्पना धर. फेऱ्या मार. आपण गोष्ट सांगताना बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण शेवटचा उपाय राहतो, आणि तो असा की एवढं करूनही पेंग जात नसेल तर उजव्या कुशीवर शांतपणे झोप, उठायची वेळ मनात ठेवून. ज्यांना ऋद्धीत अग्र म्हटलं गेलं त्या मोग्गलानांना शास्त्याने झोपण्याची मोकळीक दिली. ती आपल्या घरातल्या बाईला कोण देतं?

खुद्द तथागतांचंच पाहा. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवं सभागृह बांधलं आणि त्यांना तिथे बोलावलं. रात्री बराच वेळ उपदेश झाल्यावर त्यांनी आनंदाला सांगितलं की पाठ दुखते आहे, ती जरा टेकवतो, पुढचं तू सांग. मग संघाटीची चौपट घडी घालून ते आडवे झाले. भरल्या सभेत, कुणाची माफी न मागता. त्यांच्या प्रतिष्ठेला काही धक्का लागला नाही, आणि आनंदाने सांगितलेला धम्म आजही त्रिपिटकात आहे. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. काम थांबलं नाही, फक्त ते दुसऱ्याने केलं.

आता या थकव्याचं कारण कुठे शोधायचं?

आपल्याकडे एक जुनी वाट आहे, ती कर्माकडे जाते. "भोग असतात एकेकाचे." बौद्ध होऊन इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य आपल्या घरांतून गेलेलं नाही, लंडनला आलो तरी सामानातून आलंच. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने राजगृहात तथागतांना नेमकं हेच विचारलं होतं. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच फळ, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय मत? तथागतांचं उत्तर स्पष्ट होतं. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतू बदलल्याने, काही शरीराची हेळसांड केल्याने, काही इजा झाल्याने. हे स्वतःच्या अनुभवाने कळतं आणि जगालाही ठाऊक आहे. तेव्हा सगळं पूर्वकर्मावर ढकलणारे चुकतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात जे प्रश्न उभे केले, त्यात चार आर्यसत्यांचाही होता. दुःख आहे एवढंच सांगणारा धम्म माणसाला निराशच करील, ही त्यांची चिंता होती. दुःख आहे म्हणून सोसत राहा, असा अर्थ कुणी काढत असेल तर तो आपल्या धम्मात बसत नाही. दुःखाला कारण असतं. कारण शोधायचं असतं, आणि सापडलं की त्यावर काम करायचं असतं.

तर कारणं पाहू. तथागतांच्या काळी पित्त, कफ, वात म्हणत, आज आपल्याकडे रक्ताची तपासणी आहे.

पहिलं कारण पाळी जाण्याचं वय. इथे ब्रिटनमध्ये पाळी साधारण एक्कावन्नाव्या वर्षी बंद होते, भारतात सरासरी काही वर्षं आधीच. पण बदल त्याच्याही कितीतरी वर्षं आधीपासून सुरू होतात. रात्री अचानक अंग तापतं, घामाने कपडे ओले होतात, तीन वाजता जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. दिवसा विसरायला होतं, चिडचिड होते, सांधे धरतात. बाईला वाटतं आपण म्हाताऱ्या झालो, घरच्यांना वाटतं हिचा स्वभाव बिघडला. पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणं असतील तर डॉक्टर बहुतेक वेळा हार्मोनची तपासणी न करता लक्षणांवरूनच निदान करतात, आणि त्यावर उपचार आहेत. हार्मोनची औषधं प्रत्येकीला चालतीलच असं नाही, काहींना ती देता येत नाहीत. पण विचारायलाच नको हे कुणी ठरवलं?

याच वयात अनेकींना पाळीत रक्तस्राव फार होतो. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, आणि आपण ते "वयाचं आहे" म्हणून सोडून देतो. त्यातून शरीरातलं लोह संपतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला पंडुरोग म्हणतात. पण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, तो फेरिटिन नावाच्या वेगळ्या तपासणीत कळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला. म्हणजे आपल्यापैकी अनेकजणी ही उणीव घेऊनच विमानात बसलो. "आमच्या आयांनी वीटभट्टीवर, शेतावर राबून आठ-आठ लेकरं वाढवली, त्या कधी थकलो म्हणाल्या का?" असं आपण अभिमानाने सांगतो. त्या थकत होत्या. त्यांना विचारणारं आणि त्यांचं रक्त तपासणारं कुणी नव्हतं.

खाण्याबद्दल थोडं. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह शरीराला नीट मिळत नाही, म्हणून तासभर तरी अंतर ठेवा. पालेभाजीवर लिंबू पिळा. खजूर, अळिवाचे लाडू, चालत असेल त्यांना कलेजी, सगळं चांगलं. पण साठा तळाला गेला असेल तर तो लाडवांनी भरत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात, आणि रक्त कुठे जातं आहे तेही शोधावं लागतं. विपश्यनेच्या शिबिरांनंतर ज्यांनी मांस-मासे सोडले त्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही, कारण त्याने बी-१२ कमी होऊ शकतं. आणि ड जीवनसत्त्व! या देशातलं ऊन आपल्या सावळ्या कातडीला पुरत नाही. इथली आरोग्यसेवाच सांगते की आपल्यासारख्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा. साध्या औषधाच्या दुकानात ती मिळते.

थायरॉईड मंदावलं तरी असाच थकवा येतो. वजन वाढतं, केस गळतात, पोट साफ होत नाही, थंडी सोसत नाही. इथे थंडी सगळ्यांनाच वाजते, म्हणून ते लक्षण कुणाच्या लक्षात येत नाही. मधुमेह आपल्या लोकांत लवकर येतो. घोरणं ही बायकांनी लपवायची गोष्ट झाली आहे, पण झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास पडून राहिलं तरी विश्रांती होत नाही. आणि उदासी. आवडतं तेही नकोसं वाटणं, उगाच रडू येणं. ध्यानाने मनाला आधार मिळतो, पण उदासीचा आजार असेल तर औषधाला आणि समुपदेशनाला ध्यान हा पर्याय नाही. हे मी साधक म्हणून ठामपणे सांगते.

जीपीकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद नेत जा. किती झोप झाली, किती वेळा जाग आली, पाळी कधी आणि किती, घाम, मन कसं होतं. वेळ दहा मिनिटांची असते आणि आपण त्यातली पाच "तसं काही विशेष नाही" म्हणण्यात घालवतो. विशेष आहे. इंग्रजीत सांगणं अवघड वाटत असेल तर दुभाषा मोफत मिळतो, वेळ ठरवतानाच मागा, स्त्री डॉक्टर हवी असेल तर तेही तेव्हाच सांगा. मुलाला दुभाषा म्हणून नेऊ नका, त्याच्यासमोर तुम्ही पाळीबद्दल बोलणार नाही. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरलं किंवा जिना चढताना पूर्वी लागत नव्हती तशी धाप लागू लागली, तर पुढच्या महिन्याची वेळ घेऊ नका, तातडीने दाखवा. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली तर थेट ९९९. बायकांच्या हृदयविकारात कधीकधी छातीत दुखण्यापेक्षा विलक्षण थकवाच ठळक असतो.

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, तरी एक कारण उरतं, आणि ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. ते म्हणजे कामाचा बोजा.

थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी आपल्या मुक्तीचा आनंद सांगताना उखळ आणि मुसळाचंही नाव घेते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला ठाऊक होतं की चुलीभोवतीचे कष्ट हाही मुक्तीचा विषय आहे. बाबासाहेबांनी तर तो कायद्याचा विषय केला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं की आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा काही भार सरकारने उचलला पाहिजे. पुढे ते मजूरमंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये कारखान्यांतला आठवड्याचा कामाचा काळ ५४ तासांवरून ४८ वर आला. विश्रांती ही कुणाच्या मर्जीची गोष्ट नसून हक्क आहे, हे त्यांनी आपल्याला शिकवलं. आता आपल्या घरातल्या बाईचा आठवडा मोजा. पगाराचे चाळीस तास, मग स्वयंपाक, डबे, कपडे, मुलांच्या शाळेचे निरोप, सासऱ्यांच्या औषधांचा हिशेब. ४८ वर थांबतो का?

इथे मला माता रमाईंबद्दल बोलायचं आहे, आणि ते आदरानेच बोलते. आपल्या गाण्यांतून, भाषणांतून रमाईंच्या त्यागाचं वर्णन होतं. गोवऱ्या थापल्या, उपाशी राहिल्या, तक्रार केली नाही. पाच लेकरांपैकी चार डोळ्यांदेखत गेली. २७ मे १९३५ ला त्या गेल्या तेव्हा वय अवघं ३७. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला, त्या अर्पणपत्रिकेत कृतज्ञता आहे आणि दुःखही आहे. पण जयंतीच्या कार्यक्रमात आपण हे सांगतो आणि समोर बसलेल्या बाईला नकळत एक माप देतो की रमाईंनी एवढं सोसलं, तुला एवढ्याने काय होतं? मला हे माप मान्य नाही. रमाईंसमोर दुसरा मार्ग नव्हता. दारिद्र्य आणि जात यांनी तो ठेवला नव्हता. ज्या चळवळीसाठी त्यांनी सोसलं, तिच्याचमुळे आज त्यांच्या लेकी-नाती या देशात पगार घेतात, डॉक्टरकडे जाऊ शकतात. त्यांचा त्याग आठवायचा तो त्याची पाळी पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून.

विश्रांती घेतली की बोलणारे असतातच. सिद्धार्थ गौतमांनी उरुवेलेत वर्षानुवर्षं देह झिजवला, हाडांचा सापळा झाला, आणि शेवटी ओळखलं की क्षीण शरीराने बोधी मिळणार नाही. सुजाताने दिलेली खीर त्यांनी स्वीकारली. त्याच क्षणी पाच परिव्राजक सोडून गेले. हा चैनीला लागला, असं म्हणत. ताई, तुम्ही संध्याकाळी अर्धा तास पाय वर करून बसलात आणि कुणी भुवया उंचावल्या, तर त्या पाचांना आठवा. नंतर तथागतच सारनाथला त्यांच्याकडे गेले, आणि त्यांना पहिला उपदेश मिळाला तो या आषाढ पौर्णिमेलाच.

सोण कोळिविसाची वीणाही इथलीच. चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटून रक्त आलं आणि तो निराश झाला. वीणावादक होता, म्हणून तथागतांनी त्याला वीणेच्याच भाषेत विचारलं. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? आणि फार सैल सोडल्या तर? साधनेतलं वीर्य म्हणजे अंग फुटेस्तोवर ताणणं नव्हे. या वर्षावासात ज्यांना पहाटे चारला उठवत नाही त्यांनी सातला बसा, वीसच मिनिटं बसा, खुर्चीवर बसा. अष्टशीलात माध्यान्हीनंतर जेवण नसतं. ज्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, गरज असेल तर त्या दिवशी पंचशीलच नीट पाळावं. विनयातही आजारी भिक्षूला तूप, लोणी, तेल, मध, काकवी अवेळी घ्यायची मुभा आहे. आळवीच्या भुकेल्या शेतकऱ्याला तथागतांनी आधी जेवू घातलं आणि मग धम्म सांगितला, तेच इथे लागू.

दादा, हा लेख तुम्हीही वाचता आहात हे मला माहीत आहे. विशाखेने तथागतांकडे आठ वर मागितले, त्यात आजाऱ्याला अन्न-औषध तर होतंच, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही अन्न मिळावं असा एक वेगळा वर होता. सेवा करणारा भिक्षेला कधी जाणार, हा तिचा साधा प्रश्न. तुमच्या घरात सेवा करणारी कोण आहे आणि तिच्या ताटाकडे कोण बघतं? "मी मदत करतो ना" यापेक्षा दोन कामं पूर्णपणे आपली म्हणून घ्या, आठवण करून द्यावी लागणार नाही अशी. आठवडाभराचे डबे, किंवा रात्रीची भांडी आणि ओटा. गावाकडचा पहाटेचा फोनही तुम्ही करू शकता, आई तिची असली तरी.

आणि संघ म्हणून आपणही थोडं बदलू या. या वर्षी आषाढ पौर्णिमेच्या कार्यक्रमात खीर आणि जेवण करण्यासाठी नेहमीच्या भगिनींची नावं लावलेली नाहीत. यादी कोरी ठेवली आहे, आणि पहिली दहा नावं पुरुषांची हवी आहेत. साठ माणसांच्या खिरीला दूध, तांदूळ, साखर किती लागते ते लिहिलेला कागद विहाराच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. दूध उतू जाऊ नये म्हणून एकाने तिथेच उभं राहावं लागतं. भगिनींनी त्या दिवशी वाचनाला पुढच्या रांगेत बसावं, आणि कुणाला डुलकी लागली तर शेजारणीने उठवू नये.